औली: रोपवेच्या भरवशावर जाऊ नका

उत्तराखंडातील गढवालमधील औलीला स्कीइंगसाठी निघणाऱ्यांना पहिली सूचना अशी की, जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे हिशेबात धरू नये. सहल ठरवून देणाऱ्याने आम्हांला दिलेल्या कार्यक्रमात ‘रोपवेने औलीकडे प्रयाण’ असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रत्यक्षात जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी 2023 मध्ये तो बंद करण्यात आला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हाही बंदच होता. जोशीमठ जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यावर वसले आहे आणि तेथे अवजड बांधकामांना आवर घालावा, असे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच बजावले होते. त्यामुळे रोपवे बंद पडल्याचे नवल वाटत नाही, नवल वाटते ते तो अजूनही बिनदिक्कत विकला जातो याचे.

उरतो तो पंधराएक किलोमीटरचा घाटरस्ता, आणि साऱ्या प्रवासात जिवाला घोर लावणारा टप्पा हाच. उन्हात वितळलेले पाणी रात्री गोठते आणि देवदारांच्या सावलीतील वळणांवर त्याचा असा पातळ थर धरतो की रस्ता नुसता ओला असल्यासारखा दिसतो. अशाच एका वळणावर आमची जीप मागे घसरू लागली, तेव्हा चालकाने उतरून, बर्फात गुडघे टेकून मागच्या चाकांना चेन, म्हणजे घसरण रोखणारी लोखंडी साखळी, चढविली. तिचा एक आकडा तुटलेला होता, तो त्याने तारेने बांधला. वर पोहोचल्यावर मात्र या चेनचे वेगळे पाचशे रुपये मागितले गेले. वाहन जोशीमठलाच ठरवावे, भाड्यात चेन धरली आहे का आणि गाडी नेमकी कोठपर्यंत जाणार, हे निघण्यापूर्वीच वदवून घ्यावे. ऊन चढल्यावर निघावे आणि ते कलण्यापूर्वी खाली यावे. मैदानी रस्त्यांवर हात बसलेल्यांनी स्वतःची मोटार वर नेण्याचे धाडस करू नये.

औलीचे उतार 2,500 ते 3,050 मीटरच्या दरम्यान असून ते उत्तराभिमुख असल्यामुळे बर्फ तुलनेने अधिक काळ टिकतो. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंगची प्रशिक्षण संस्था येथेच आहे. जानेवारी 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीइंग येथेच झाले, आणि त्याच निमित्ताने कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसविण्यात आली. परंतु अशी यंत्रणा हवा पुरेशी गार असेल तरच बर्फ पाडू शकते. पुरेसा बर्फ नसल्यामुळे येथील राष्ट्रीय स्पर्धा रद्द होण्याची वेळ एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. म्हणून नाताळच्या सुट्टीचा हट्ट सोडावा, जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, आणि तिकिटे काढण्यापूर्वी उतारावर बर्फ किती आहे ते तेथील मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून विचारावे.

अर्ध्या तासाच्या ‘स्कीइंग’वर पैसे घालवू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. कोणीतरी दोन्ही हात धरून वीस पावले घसरत नेतो, छायाचित्रे काढतो आणि वेळ संपल्याचे सांगतो. खरोखर शिकायचे असेल तर गढवाल मंडल विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचा सात दिवसांचा वर्ग आहे. त्यात पडायचे कसे, उठायचे कसे आणि स्कीची टोके आत वळवून थांबायचे कसे, हे आधी शिकवितात. भाड्याचे बूट घेताना जाड मोजे एकच जोडी घालावेत आणि बकले आवळून पुढे झुकून पाहावे. टाच उचलली जात असेल तर तो जोड परत करावा. मला दिलेल्या डाव्या बुटाचे वरचे बकल बसतच नव्हते, आणि बदलून मागितल्यावरच चांगला जोड आतून निघाला.

औलीच्या वरच्या गोरसों बुग्यालची (बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कुरण) चाल सोपी आहे आणि वाटेत नंदादेवी स्वच्छ दिसते; त्याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

परतीला हरिद्वारची गाडी त्याच दिवशी पकडण्याचा बेत करू नये. जोशीमठ ते ऋषिकेश हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर सगळे घाटाचे आहे आणि एखादी दरड तासन्‌तास खोळंबा करू शकते. मध्ये रुद्रप्रयागला किंवा श्रीनगरला एक मुक्काम ठेवावा; मात्र खोली आरक्षित करताना ते गढवालमधील श्रीनगर आहे, काश्मीरमधील नव्हे, याची खातरजमा करावी.