मोल्सवर्थ तुमचा कोण लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते. लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या काउंटरवर, फोनवर ख्यालीखुशाली झाल्यावर, हा प्रश्न येतोच. "मोल्सवर्थ तुमचा कोण लागतो?" कोणी मनापासून विचारतं, कोणी टोचून. टोचणारे पुढे हेही म्हणतात की स्वतःच्या घराण्याची वंशावळ अर्धवट पडलीय आणि बाई साहेबाची पुरी करताहेत.

कोणी लागत नाही. कंपनी सरकारच्या फौजेतला इंग्रज अधिकारी जेम्स थॉमस मोल्सवर्थ कोण आणि १८३१ चा त्याचा मराठी-इंग्रजी कोश काय मोलाचा, हे तुम्हाला सांगायला नको; तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात शरद गोगट्यांनी १९७५ साली काढलेली त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची पुनर्मुद्रित प्रत आहे. पण माझा विषय कोश नाही, तो माणूसही नाही. माझा विषय त्याचं आडनाव आहे. एक दुर्मीळ इंग्रजी आडनाव कुठून निघालं, कुठे गेलं, कोणाला चिकटलं, कोणाला नाही. एवढाच. यात साहेबाची भक्ती कुठे आली, हे मला अजून कळलेलं नाही.

दुर्मीळच का, तर ते हातात मावतं म्हणून. स्मिथचा असा माग काढता येत नाही. लोहार गावोगाव होते, त्यामुळे स्मिथही गावोगाव वेगवेगळे झाले. मोल्सवर्थ गावावरून आलेलं आहे, आणि ते गाव अजून आहे. जुन्या हंटिंगडनशायरमधलं, आता केंब्रिजशायरमध्ये मोडतं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या मोजदादीत, त्याची नोंद आहे. (चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं आणखी एक गाव आहे. दोन्हींची गल्लत होते, म्हणून ते मी मुद्दाम बाजूला ठेवते.)

लेकीकडे गेले होते तेव्हा ते गाव पाहून आले. एक जुनं चर्च, थोडी घरं, आणि पलीकडे हवाई तळाचं लांबच लांब कुंपण. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकी बॉम्बफेकी विमानं उडत. १९८० च्या दशकात इथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, शांततावाद्यांनी तळ ठोकला, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सैनिक आणून तो उठवला गेला. आजही एखाद्या वयस्क इंग्रजासमोर मोल्सवर्थ म्हटलं की त्याला ते कुंपण आठवतं. कोश ऐकलेला माणूस तिथे मला भेटला नाही. लेक म्हणाली, "आई, इथे मोल्सवर्थ आडनावाचं कोणी असेल का गं?"

इथेच सगळे फसतात. गावाचं नाव त्याला मिळतं जो गाव सोडतो. गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच मोल्सवर्थ म्हटलं तर ओळखायचं कोणाला? आपल्या कर-वाल्या आडनावांचं हेच आहे. पुण्यात पुणेकर आडनावाचं घर शोधावं लागतं. ते सापडतं भलत्याच जिल्ह्यात. म्हणून आडनावाचा नकाशा गावात सुरू होतो आणि लगेच गावाबाहेर पळतो.

हा नकाशा कसा पळाला ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा एक जण राणीचा हिशेबतपासनीस म्हणून कॉर्नवॉलला गेला आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे घराणं रुजलं. त्याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाला गेला. रॉयल आफ्रिकन कंपनीचा, म्हणजे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा, तो तिथला अडत्या होता. १६८० च्या दशकात त्याने जमैकाचा कारभार पाहिला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट झाला; ही बापाकडून मुलाकडे चालणारी इंग्रजी पदवी. दुसरी शाखा आयर्लंडमध्ये. डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट मोल्सवर्थने डेन्मार्कच्या राज्यकारभारावर एक गाजलेलं पुस्तक १६९४ साली लिहिलं, १७१६ मध्ये तो व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. त्या घराण्याच्या नावाचा रस्ता डब्लिनमध्ये आहे, आणि तो जिथे संपतो तिथे समोर लेन्स्टर हाउस, म्हणजे आयर्लंडची संसद. आता न्यूझीलंडला चला. वेलिंग्टनमध्ये तिथली संसद ज्या रस्त्यावर आहे त्याचंही नाव मोल्सवर्थ स्ट्रीट. हा रस्ता पेनकॅरोच्या आठव्या बॅरोनेटच्या, सर विल्यमच्या नावाचा. एकाच दुर्मीळ आडनावाच्या रस्त्यांपाशी दोन देशांच्या संसदा. मी हे पहिल्यांदा नकाशावर शेजारी शेजारी मांडलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

हिंदुस्थानातही एकटा कोशवालाच आला नाही. गिलफर्ड मोल्सवर्थ नावाचा अभियंता १८७१ पासून सरकारी रेल्वेचा सल्लागार होता. अभियांत्रिकी सूत्रांचं त्याचं खिशात मावणारं पुस्तक १८६२ पासून निघत राहिलं. इंजिनिअरांच्या घरातला मोल्सवर्थ तो.

आता तो प्रसंग. तुमच्यातल्या काही जणांनी तो ऐकलाय, चुकीचा ऐकलाय, म्हणूनही हे लिहिणं भाग आहे.

एका तालुक्याच्या गावी वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं होतं. पडद्यावर नकाशा, त्यावर तांबडे ठिपके: हंटिंगडनशायर, कॉर्नवॉल, डब्लिन, जमैका, मुंबई, वेलिंग्टन. व्याख्यान रंगलं होतं असं मला वाटत होतं. प्रश्नांची वेळ झाली आणि मागच्या रांगेतले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही मोल्सवर्थांच्या सातशे वर्षांचा हिशेब दिलात. माझ्या आडनावाचा शंभर वर्षांचाही मिळत नाही. तो का मिळत नाही, तेवढं सांगा."

मी सांगितलं. जमीन ज्याच्याकडे, कागद त्याच्याकडे. इंग्लंडमध्येही कुळांची आणि मजुरांची नावं १५३८ नंतर चर्चच्या वह्यांमध्ये चढली, त्याआधी फक्त करवसुलीत कुठेतरी. बरोबरच होतं ते. पण त्यांनी मान हलवली नाही. पुढे आले, पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि टेबलावर एक झेरॉक्स ठेवली. त्यांच्या वडिलांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचं पान. मी चष्मा लावून पाहिलं. मुलाचं नाव आणि बापाचं नाव एका हाताचं, ठसठशीत, नीट अंतर सोडून. त्यापुढे आडनाव मात्र दुसऱ्याच टाकाचं, बारीक, रकान्यात मावेना म्हणून शेवटची दोन अक्षरं रेघेवरून वर चढवलेली, जातीच्या रकान्याला टेकलेली.

"आजोबांना आडनाव नव्हतं," ते म्हणाले. "गावात जातीने हाक मारायचे. मुलाचं नाव घालायला गेले तर गुरुजींनी आडनाव विचारलं. आजोबा गप्प. पुढे कधीतरी गुरुजींनी गावाच्या नावाला कर लावून टाकला. धाकट्या काकांच्या वेळी गुरुजी बदलले होते. त्यांनी वेगळंच आडनाव घातलं. आमच्या घरात सख्खे भाऊ दोन आडनावांचे आहेत. आता तुमच्या नकाशावर आम्हाला कुठे ठेवता?"

सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी पडल्या. मी काहीतरी बोलले; काय बोलले ते आठवतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग शाल, नारळ, आभार. समितीतले एक जण म्हणाले, "मनावर घेऊ नका ताई, ते असेच बोलतात." ते ऐकून मला शिक्षकांपेक्षा त्या गृहस्थांचा जास्त राग आला. एसटीत शाल मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखी ती दोन अक्षरं डोळ्यांपुढे येत होती, रेघेवर चढलेली.

लोक सांगतात तसं मी तिथे रडले नाही. आणि लोक सांगतात तसं त्यांनी माझा अपमानही केला नाही. प्रश्न विचारला, आणि प्रश्न विचारायलाच तर व्याख्यानं असतात.

घरी आल्यावर मी स्वतःशी भांडले. हे काम सुरू केलं तेव्हाची मी अगदी ठाम होते: आडनाव म्हणजे रक्ताचा धागा, निदान दुर्मीळ आडनाव तरी. याला आधारही होता. लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ साली दाखवून दिलं की बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र स्मिथसारख्या आडनावात काहीच सांगत नाही, पण आडनाव जितकं दुर्मीळ तितके त्यातले पुरुष एका मूळपुरुषाचे असण्याची शक्यता वाढते. हा निष्कर्ष पक्का आहे, मी तो आजही सोडत नाही. पण शिक्षकांचे वडील आणि काका एका आईबापाचे, आणि आडनावं दोन. इंग्लंडचा नियम इथे उलटा टांगला गेला. तिथे चौदाव्या शतकापर्यंत आडनाव हळूहळू पिढ्यांत मुरलं. इथे त्यांच्या घरात ते टाकाच्या एका फटकाऱ्यात आलं, आणि कोणाच्या टाकाने, त्यावर ठरलं.

मग मी जमैकाचा ठिपका पुन्हा पाहिला. तिथे मी फक्त हेंडर ठेवला होता. मळ्यांवर जी माणसं राबवली गेली त्यांच्या याद्यांत बहुतेकदा एकच नाव असायचं, मालकाने ठेवलेलं. इंग्रजी आडनावं पुढे लागली, अनेकदा मळेवाल्यांचीच. म्हणजे एखादं आडनाव जमैकात सापडलं तर ते वंशाचं की मालकीचं, हे नुसत्या ठिपक्यावरून कळत नाही. आणि त्याच पेनकॅरोच्या घराण्यातल्या सर विल्यमने १८३७-३८ मध्ये संसदेच्या समितीचं अध्यक्षपद घेऊन ऑस्ट्रेलियात कैदी पाठवण्याच्या पद्धतीवर घणाघात केला, खाजगी मालकांकडे कैदी राबवायला देण्याची तुलना गुलामीशी केली. एक आडनाव, दीडशे वर्षांच्या अंतराने दोन टोकं. तुम्हीच सांगा, यात मी कोणाची भक्ती करायची?

आता तो दुसरा आरोप, जो चांगल्या माणसांकडून येतो: मोल्सवर्थचं एवढं, मग शास्त्र्यांचं काय? १८२९ चा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. घगवे, फडके, जोशी, शुक्ल, गोडबोले. दोन वर्षांनी शास्त्र्यांच्याच मदतीने आलेल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि त्याचे साहाय्यक कँडी बंधू यांची नावं आहेत, शास्त्र्यांची नाहीत. हे मला सलतं, आणि मी ते प्रत्येक व्याख्यानात म्हणते. पण त्या शिक्षकांचा प्रश्न हा नव्हता. शास्त्र्यांना आडनावं होती. फडक्यांची, जोश्यांची कुलवृत्तान्तं छापलेली आहेत. मुखपृष्ठावर नाव नसणं एक, आणि नावच नसणं दुसरं. ही दोन दुःखं एका पोत्यात घालू नका. मला शास्त्र्यांवरून बोल लावणारे बहुतेक जण त्या शिक्षकांच्या घराबद्दल कधी बोलत नाहीत, हेही मी पाहिलंय.

ते शिक्षक आणि मी आता फोनवर बोलतो. मी त्यांना गुरुजी म्हणते, ते मला बाई म्हणतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: मोल्सवर्थ पुरे, तालुक्यातली जुनी जनरल रजिस्टरं कागद कुजायच्या आत उतरवून काढा. रजिस्टरांबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. मोल्सवर्थ पुरे, हे मला पटत नाही. ज्याचा कागद सलग आहे अशा एका तरी आडनावाचा अख्खा नकाशा समोर असला, तरच दुसऱ्याचा कागद कुठे आणि कोणी तोडला हे मोजता येतं, असं मी म्हणते. ते म्हणतात, मोजायला साहेबाचीच पट्टी कशाला? याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते त्यांना पटेल असं नाही, आणि खरं सांगायचं तर सगळे दिवस मलाही पटत नाही.

एका शाळेने रजिस्टर पाहायला होकार दिलाय. गुरुजी बरोबर येणार आहेत. नकाशा घरी ठेवून या म्हणालेत. मी तो घेऊन जाणार आहे.