नवतप्यातले फोन

नागपुरात कूलर ही चैन नाही. २०१३च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांना इथं नवतपा म्हणतात. अशा दिवसांत ज्याच्या कूलरचा पंप बंद पडतो, त्याची दुपार कशी जाते ते त्यालाच ठाऊक.

लहान धंद्यांना मार्केटिंगचं नियोजन करून देणं हे माझं काम. मानेवाडा रोडवर एक काका पत्र्याचे कूलर बनवतात, जुन्या कूलरची सर्व्हिसिंगही करतात. हाताखाली दोन मिस्त्री. फोन आणि हिशेब काकूंकडे. जाहिरातीसाठी त्यांनी चाळीस हजार बाजूला काढले होते. जानेवारी होता, संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. एप्रिल-मेमध्ये पेपरातून पत्रकं, चौकात फ्लेक्स, इन्स्टाग्रामवर जाहिरात आणि सर्व्हिसिंगवर वीस टक्के सूट, असा आराखडा मी घरूनच करून नेला होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मागच्या साली पाच हजार पॅम्प्लेट वाटले ना मी. मे महिन्यात, पेपरात टाकून. फोन इतके आले का विचारू नका."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं, बाप्पा!" काकू आतून म्हणाल्या. "दोन पोरं दिवसाला दहा कूलर करतात, त्याच्यावर एक होत नाही. अन् फोन रोजचे चाळीस. नवतपा लागला, अन् मी फोन उचलणंच सोडून दिलं."

मी लॅपटॉप बंद केला. जाहिरात चालली होती, आणि ती चालल्यामुळेच या माणसांची अकरा महिन्यांची इभ्रत एका महिन्यात गेली होती. माझा आराखडा तेच पुन्हा, जास्त पैसे घालून करणार होता.

जुनी बिलबुकं मागितली. काकूंनी खोक्यातून तीन वर्षांची काढली. कार्बनच्या निळ्या प्रती, काही पाण्यानं पुसटलेल्या, दोन पानं एकमेकांना चिकटलेली. नावापुढं फोन नंबर होताच, पण खाली काकांच्या बारीक अक्षरात काय काय लिहिलं होतं: 'खिडकी दोन बाय तीन, डावीकडे गज.' 'टाकी मागून गळते, पुढच्या साली डांबर.' 'आजोबांची खोली, पंखा स्लोवर ठेवणे.' मी अशी माहिती मोठ्या कंपन्यांकडेही पाहिलेली नाही. जमिनीवर बसून आम्ही दुपारभर नावं उतरवली. एकाच घराची दोन-तीन बिलं एकत्र केली, तेव्हा सातशे ऐंशी घरं निघाली.

मग मी म्हटलं, यातल्या दहा जणांना आत्ता फोन करू. विकायचं काही नाही, फक्त कूलर कसा आहे ते विचारायचं.

पहिले तीन बरे गेले. चौथा फोन अयोध्यानगरातल्या एका निवृत्त शिक्षिकांना लागला. काकूंनी नाव सांगताच पलीकडून आवाज आला, "आता आठवण झाली का? अकरा वर्षं तुमचाच कूलर आहे माझ्याकडे. मागच्या मेमध्ये सहा फोन केले. घरी हे अंथरुणाला खिळलेले. सहाव्या दिवशी दुसऱ्याकडून पंप बसवून घेतला." फोन स्पीकरवर होता. काकूंना बोलता येईना. काकांनी फोन हातात घेतला. "मॅडम, चुकलो. आज संध्याकाळी मी स्वतः येतो." बाकीचे सहा फोन त्या दिवशी झालेच नाहीत. पाच वाजता काका पंप आणि वुडवूल, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावायचा लाकडी तंतूंचा थर, घेऊन स्कूटरवर निघाले.

ते गेल्यावर काकूंबरोबर पैशाचा हिशेब मांडला. एका सर्व्हिसिंगचे साडेसहाशे. तिन्ही बाजूंचं वुडवूल आणि किरकोळ सामान अडीचशे, मिस्त्रीचे दीडशे, हाती उरतात अडीचशे. वीस टक्के सूट म्हणजे एकशेतीस रुपये. तेवढे सोडले की उरतात एकशेवीस, म्हणजे निम्म्याहून कमी. सूट रद्द केली. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये काम करून घेणाऱ्याच्या टाकीला आतून डांबराचा हात फुकट द्यायचा, खर्च चाळीस रुपये. पत्रा गंजत नाही आणि गिऱ्हाइकाला ते दिसतंही.

त्या दोन महिन्यांत रविवार सोडले तर पन्नासेक दिवस मिळतात. रोज दहाच्या हिशेबानं पाचशे कूलर होतात. आपल्याकडे 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणतात आणि होळीनंतरच लोक कूलर आठवतात. ती आठवण महिनाभर आधी करून द्यायची, एवढंच नियोजन होतं. तेही नव्या माणसांना नाही, या सातशे ऐंशी घरांना. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते, म्हणून काकूंनी रोज वीस घरांना फोन करून नंबर सेव्ह करायला सांगायचं ठरलं. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, ती मी तिथंच बसून केली. आणि प्रत्येक कूलरच्या कडेला, पाणी भरायच्या तोंडाजवळ, सर्व्हिसिंगची तारीख आणि फोन नंबर लिहिलेलं स्टिकर. कूलर बंद पडला की माणूस तिथंच वाकून बघतो. दोन हजार स्टिकर छापूनही चाळीस हजारांतले बरेच उरले. त्यातून एप्रिल ते जूनसाठी तिसरा मिस्त्री ठेवायचा असं मी लिहिलं. जाहिरातीच्या पैशातून पगार म्हटल्यावर काकू जरा अडखळल्या, पण मी त्यावर अडून राहिले.

काका रात्री आठला परतले. हात काळे, शर्टाला वुडवुलाचे तुकडे. "पैसे घेतले नाही," एवढंच म्हणाले. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यांनी मे महिना काढला आणि लाल पेन्सिलीनं रोजच्या चौकटीत दोन-दोन गोल केले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"ह्या दोन जागा कोणाला द्यायच्या नाही. घरी म्हातारं, आजारी असलं त्यांच्यासाठी. फोन आला का त्याच दिवशी जायचं."

पहिल्या गोलाशेजारी काकूंनी अयोध्यानगरच्या बाईंचा नंबर लिहून ठेवला.