बोर्ड गेला नव्हता

पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवता ठेवताच बाई म्हणाल्या, "दादा, बोर्ड गेलाय म्हणे. निदान आतल्या फाइली तरी निघतील का बघा."

त्या भाषांतराचं काम करतात. लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, जुना पण नीट वापरलेला. मशीन फार रेंगाळायला लागलं म्हणून त्यांच्या भाच्याने 8 जीबीच्या दोन रॅम, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या, आणून बसवल्या आणि त्या दिवसापासून स्क्रीन काळी. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे खालचं झाकण न उघडताच 'बोर्ड' सांगून मोकळे झाले. याचा मला फार राग येतो. बोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी; ती गेली म्हटलं की माणूस मशीनची आशाच सोडतो.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा दोन सेकंद फिरला, थांबला, पुन्हा फिरला. बोर्ड मेलेला असता तर त्याने एवढी धडपड केली नसती. बॅटरी काढली, बटण थोडा वेळ दाबून धरलं, झाकण उघडलं आणि रॅमवरचं स्टिकर वाचलं : पीसी3-12800एस. मला तिथे पीसी3 नंतर एक 'एल' हवा होता.

तो एल म्हणजे कमी व्होल्टेज. डीडीआर3 हा या रॅमचा प्रकार; साधी चालते 1.5 व्होल्टवर, एल असलेली 1.35 वर. इंटेलची चौथी पिढी 2013 मध्ये आली. तिच्या लॅपटॉप प्रोसेसरना 1.35 वाली रॅमच लागते. घोळ होतो तो दोन्ही दिसायला सारख्या असतात म्हणून : दोन्हींना 204 पिना, खाचही त्याच जागी. कट्ट असा आवाज करून रॅम छान बसते, फक्त मशीन उठत नाही. 12800 हा आकडाही दोन्हींवर असतो, कारण तो वेगाचा आहे, व्होल्टेजचा नाही. भाच्याने आकडा जुळवून आणला होता. त्याला दोष देता येणार नाही.

"जुनी रॅम आहे का हो?" विचारलं. बाईंनी पर्समधून कागदात गुंडाळलेली 4 जीबीची पट्टी काढली. तिच्यावर एल होता. खोडरबराने तिचे सोनेरी पाय हलक्या हाताने पुसले, बसवली, बटण दाबलं. स्क्रीन उजळली तशा बाई खुर्चीत मागे टेकल्या.

मला मात्र टेकता येईना. विंडोज उघडायला दहा मिनिटं गेली आणि मधूनमधून हार्ड डिस्कमधून बारीक 'टक... टक' ऐकू येत होतं. डिस्कचा आरोग्य अहवाल उघडला. वाचता न येणारे, निकाली न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, 96. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर 104. मशीन मुळात रेंगाळत होतं ते याच्यामुळे. रॅम वाढवून ते दुखणं बरं झालंच नसतं.

तिथेच विंडोज बंद केलं. बाईंना म्हटलं, "आज वेग वगैरे काही नाही. आधी तुमचं लिखाण बाहेर काढू. दुसरीकडे प्रत आहे का?" प्रत नव्हती. सहा वर्षांचं काम त्या एका डिस्कवर होतं.

अशा डिस्कवरून फोल्डर ओढून कॉपी करायला जाऊ नये. खराब जागी डिस्क पुन्हा पुन्हा आपटत राहते आणि उरलेलंही घालवते. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं साधन लावलं. ते आधी सहज वाचता येतं तेवढं सगळं उचलतं, अडलेली जागा नोंदवून पुढे जातं आणि शेवटी त्या नोंदी घेऊन मागे परततं. 500 जीबीची डिस्क. मी रात्री दुकानातच थांबलो, कारण मध्ये डिस्क तापली तर थांबवून गार करायची होती. दोनदा तसं करावं लागलं. नोंदींची फाइल असली की जिथे सोडलं तिथून पुढे चालू करता येतं.

सकाळपर्यंत जवळजवळ सगळं निघालं. बाईंचं कामाचं फोल्डर उघडून एकेक फाइल तपासली. एक फाइल अर्धी फाटलेली निघाली. ती प्रकाशकाला मेलने गेली होती, तिथून परत मिळाली.

मग राहिला वेग. हार्ड डिस्कच्या जागी त्याच मापाची एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क, घातली. मिनिटाला 5400 फेऱ्यांची डिस्क म्हणजे एका फेरीला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुयांखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. विंडोज उघडताना अशी हजारो बारीक वाचनं होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचा तर माझ्या मते आधी एसएसडी, मग रॅम. बाईंना 4 ची आणखी एक पट्टी घालून 8 केली, एलवाली.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 साठी अधिकृत यादीत इंटेलची चौथी पिढी नाही. बाईंना लिखाण, शब्दकोश आणि मेल एवढंच लागतं. त्यांच्याशी बोलून लिनक्स मिंट घातलं, समोर बसून त्यांच्याच दोन फाइली लिबर ऑफिसमध्ये उघडून दाखवल्या. रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर प्रत कशी घ्यायची ते त्यांच्याच हाताने तीनदा करून घेतलं.

भाच्याने आणलेल्या दोन पट्ट्या बाई माझ्याकडेच ठेवून गेल्या. फळीवर 2012 चा, तिसऱ्या पिढीचा एक लॅपटॉप रॅमवाचून पडून होता. त्याला 1.5 व्होल्ट चालतात. दोन्ही बसवल्या, सुरू केला. स्क्रीनवर 16 जीबी आले.