लिंबू आणि चंदन : सातव्या चाचणीपर्यंतची नोंद

लिंबूवर्गीय वास आणि चंदन यांची जोडी जमवणारे अत्तर मी घरी बनवून पाहते आहे. मागच्या नोंदीत त्याच्या पहिल्या तीन चाचण्या फसल्याचे मी कबूल केले होते. एप्रिलच्या मध्यापासून आणखी चार चाचण्या झाल्या असून त्यांपैकी सातवी कोणाच्या हातावर लावायला द्यावी इतपत जमली आहे. या साऱ्या खटाटोपाचे मूळ मैत्रिणीने दिलेल्या एका निश, म्हणजे छोट्या खास ब्रँडच्या, परफ्यूमच्या दोन मिलिलिटरच्या नमुन्यात आहे. सकाळी तो लावला तेव्हा नखाने मोसंबीची साल सोलताना उडतो तसा फवारा जाणवला आणि संध्याकाळी कुर्त्याच्या बाहीवर फक्त चंदन उरले होते. परंतु लिंबूवर्गीय वास नेमका कोणत्या क्षणी निघून गेला, हे दिवसभर लक्ष ठेवूनही मला सांगता आले नाही. त्या जोडीचे सारे आकर्षण मला त्या न कळलेल्या क्षणात वाटते, आणि माझ्या पहिल्या तिन्ही चाचण्यांत तोच क्षण ठळकपणे कळत होता.

कारण साधे आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात सुमारे ९५ टक्के लिमोनीन असते आणि लिमोनीनचा रेणू दहा कार्बनचा, हलका व चटकन उडणारा असतो. चंदनाच्या तेलातील सँटालॉल हा पंधरा कार्बनचा अल्कोहोल गटातला रेणू असून तो सावकाश उडतो. ब्लॉटरवर, म्हणजे वास तपासण्याच्या कागदी पट्टीवर, दोन्ही एकत्र घेतले की पाऊण तासात संत्रे संपते, चंदन अजून नीट बोलायला लागलेले नसते आणि मधे एक निर्जीव, कागदी वासाचा तास येतो. चंदन लिंबाला धरून ठेवते असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. माझ्या पट्ट्यांवर तरी ते दिसले नाही. चंदनाच्या सोबतीने संत्र्याला फार तर दहा मिनिटे जास्त मिळाली असतील.

मग हीच जोडी का, वाळा किंवा देवदार का नाही, असा प्रश्न मला विचारण्यात आला होता. पाचव्या चाचणीत चंदनाऐवजी वाळ्याचे तेल घालून पाहिले. वाळा पहिल्या मिनिटापासून स्वतःचे मातकट, किंचित धुरकट म्हणणे मांडतो आणि लिंबाची गोडी कडवट करून टाकतो. चंदनाला मात्र सुरुवात अशी नसतेच. ते पहिली वीस मिनिटे जवळजवळ मुके असते, त्यामुळे बर्गमॉटला (सुगंधी सालीचे एक लिंबूवर्गीय फळ) मोकळे अंगण मिळते.

या मुकेपणाची खात्री करून घेण्यासाठी एका दुपारी देवघरातली सहाण आणि खोड स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणले. ‘अगं, पूजा तर सकाळीच झाली ना?’ असे सासूबाईंनी विचारले आणि कारण ऐकल्यावर त्या स्वतःच उगाळायला बसल्या. ओले गंध असताना त्याला ताकासारखा किंचित आंबूस, दुधाळ वास येतो. मनगटावर ते वाळून तडकू लागले की आंबूसपणा जातो आणि कोरडा, उबदार लाकडाचा वास मागे राहतो. तेलात हाच आंबूसपणा अगदी पुसट असतो, पण असतो, आणि लिंबाला हात देण्यासारखी चंदनाची बाजू हीच आहे हे मला तेव्हा उमगले. तोवर मी चंदनाचा गोडवा वाढवण्याच्या मागे होते, म्हणजे नेमकी उलटी वाट धरली होती.

तेलाविषयी एक कटू अनुभव. पहिल्या तीन चाचण्यांत वापरलेले ‘शुद्ध म्हैसूर’ तेल पट्टीवर दुसऱ्याच दिवशी संपत होते आणि मागे खोबरेल खवट झाल्यासारखा वास ठेवत होते. नंतर दुसरीकडून घेतलेल्या तेलाची पट्टी आठव्या दिवशीही स्पष्ट वास देत होती. सुगंध फक्त झाडाच्या गाभ्यात असतो आणि गाभा भरायला वर्षे लागतात, त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या चंदनतेलाकडे संशयाने पाहणेच शहाणपणाचे आहे. दुसरी चूक पूर्णपणे माझी. संत्र्याच्या तेलाची अर्धी रिकामी बाटली पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात तशीच राहिली आणि तिला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला. हवेशी संयोग झालेले लिमोनीन त्वचेला ॲलर्जी करू शकते, म्हणून ती बाटली टाकून दिली. आता सगळी सालीची तेले छोट्या, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत फ्रीजमध्ये असतात.

संत्रे आणि चंदन यांच्या मधली रिकामी जागा भरण्यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली हेडिओन, जाईच्या वासाचे एक कृत्रिम सुगंधी द्रव्य. डिओरच्या १९६६ सालच्या ‘ओ सोव्हाज’ या परफ्यूममध्ये सुगंधकार एदमों रुदनित्स्का यांनी लिंबूवर्गीय रचनेत ते वापरले आणि तेव्हापासून ते या कामाचा हुकमी एक्का ठरले आहे. ते मोगऱ्याइतके फुललेले नसते, जाईच्या कळीवर पाणी शिंपडल्यासारखे पारदर्शक असते आणि लिंबाची चमक ओसरू लागली की ती थोडी लांबवते.

दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. ती माहेरच्या मसाल्याच्या डब्यात सापडली. मालवणी बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लिंबाच्याच कुळातले आहे, आणि त्याचे सुके टरफल चुरडले की लिंबाची साल, मिरी आणि ओले लाकूड यांचा एकत्र वास येतो. आतली काळी बी काढून टाकून दहा ग्रॅम टरफले शंभर ग्रॅम परफ्यूमर्स अल्कोहोलमध्ये तीन आठवडे भिजवली आणि गाळून घेतली. सहाव्या चाचणीत अल्कोहोलचा निम्मा भाग या अर्काचा होता आणि घरभर माशाच्या आमटीची आठवण झाली. सातवीत हा अर्क अल्कोहोलच्या एक दशांशावर आणला. आता तिरफळ ओळखू येत नाही, परंतु लिंबू आणि लाकूड यांच्यामधला तो कागदी तास गेला आहे.

सातव्या चाचणीचे दहा ग्रॅम मिश्रण असे : फ्युरोकुमारीन (उन्हात त्वचेला त्रास देणारी द्रव्ये) काढलेले बर्गमॉट ३.००, गोड संत्रे १.००, ऊर्ध्वपातित (वाफेने काढलेले) लाइम ०.६०, पेटिटग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचे तेल) ०.४०, हेडिओन १.००, आयसो ई सुपर (लाकडी वासाचे कृत्रिम द्रव्य) २.४०, चंदनतेल १.२० आणि जावानॉलचे (चंदनासारख्या वासाचे कृत्रिम द्रव्य) दहा टक्के द्रावण ०.४० ग्रॅम. हे मिश्रण पंधरा टक्के प्रमाणात अल्कोहोलमध्ये घेतले आहे. बर्गमॉटचा प्रकार मुद्दाम लिहिला आहे. दाबून काढलेल्या साध्या बर्गमॉट तेलातील बर्गाप्टेन हे फ्युरोकुमारीन उन्हात त्वचा भाजू शकते, आणि त्यामुळे अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्या तेलाची इफ्राने (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) ठरवलेली मर्यादा ०.४ टक्के आहे. माझ्या बाटलीत बर्गमॉट ४.५ टक्के भरते, म्हणजे साधे तेल वापरले असते तर मर्यादेच्या अकरा पटींहून अधिक झाले असते. लाइम ऊर्ध्वपातित घेण्यामागेही हेच कारण आहे, कारण हे जड पदार्थ वाफेबरोबर वर येत नाहीत.

जावानॉलचे प्रमाण किरकोळ दिसते. त्यावर जाऊ नये. चौथ्या चाचणीत ते तिप्पट होते तेव्हा मला खोलीभर चंदन येत होते आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला काहीच येत नव्हते. चंदनासारख्या काही कृत्रिम रेणूंचा वास काही नाकांना जाणवतच नाही, हे वाचून माहीत होते, घरातच उदाहरण निघेल असे वाटले नव्हते. खरे चंदनतेल त्याला व्यवस्थित येते. त्यामुळे खर्च कमी करण्यासाठी चंदनतेल अर्ध्यावर आणून कमतरता जावानॉलने भरून काढण्याचा बेत मी सोडून दिला आहे.

सध्याची तक्रार सुरुवातीच्या पाच मिनिटांविषयी आहे. लाइम अजून भांडी घासण्याच्या साबणाकडे झुकते. आठव्या चाचणीत ते ०.२० ग्रॅमवर आणून उरलेले ०.४० ग्रॅम बर्गमॉटमध्ये वाढवणार आहे. बाकीचे काहीही हलवणार नाही, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. सातवीची बाटली महिनाभर अंधारात मुरत ठेवली आहे आणि तिची पहिली पट्टी आज चौथ्या दिवशीही टेबलावर आहे. सकाळी हुंगली तेव्हा चंदनाचा तो ताकासारखा आंबूसपणा तीत होता.