कॉलेजच्या सायकलवाल्या पोरांना रात्री नेमकं काय लागतं, हे विचारत फिरलो त्याचा अनुभव

लातूरला आमचं सायकलचं दुकान आहे, बाबांनी टाकलेलं, आता मी बघतो. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, कुठून कुठून पोरं इथं अकरावी-बारावी अन् नीटच्या तयारीला येतात, आईवडील गादी, बादली, कुकर घेतात आणि त्यातच एक सायकल पण घेऊन देतात. यंदा ठरवलं की सायकलीसोबत सेफ्टीचं सामान पण नीट ठेवायचं, लाईट, रेडियम, हेल्मेट, कुलूप. होलसेलवाल्याकडं लिस्ट तयारच असते, पण त्यावर खुणा करून माल भरण्यापेक्षा ज्यांच्यासाठी आणायचं त्यांनाच आधी विचारू म्हणलं.

विचारायचं कसं हे आधी ठरवलं. "असा लाईट आणला तर घेशील का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. आपल्याकडची पोरं तोंडावर नाही म्हणत नाहीत, "हो भैय्या, घेऊ की" म्हणतात आणि परत दिसत नाहीत, त्यांची काही चूक नाही, समोरच्याचं मन राखायची सवयच असते आपल्याला. म्हणून फक्त घडलेलं विचारायचं. काल अभ्यासिकेतून किती वाजता निघालास, कुठल्या रस्त्यानं गेलास, कुठं उतरून चालावं लागलं, शेवटचा कधी पडलास, सायकलवर शेवटचा खर्च कशावर केलास. सगळ्यात जास्त कामाला आला तो खर्चाचा प्रश्न, कारण माणूस खिशात हात कशासाठी घालतो ते त्यातून कळतं.

ट्यूशन एरियातल्या चहाच्या टपऱ्या, मेसच्या बाहेरची गर्दी, अभ्यासिकांची पार्किंग, अशा ठिकाणी संध्याकाळी जात होतो. अभ्यासिकेच्या मालकांना आधी विचारून घेतलं. मुलींशी बोलायचं होतं तेव्हा वहिनीला सोबत नेलं, कारण रात्री एकटी कुठल्या रस्त्यानं जाते हे कुठल्याही मुलीनं अनोळखी माणसाला सांगू नये, अन् मी पण तशी अपेक्षा करू नये. कुणाचं नाव, रूमचा पत्ता, फोन नंबर काही लिहून घेतलं नाही. यातली बरीच पोरं अठराच्या आतली आहेत, हे धंदा करणाऱ्यानं विसरायचं नाही.

सेफ्टी हा शब्द काढला की सगळे हेल्मेटवर बोलायचे, आणि कालची रात्र विचारली की हेल्मेटचं नावही निघायचं नाही. निघायचे कुत्रे. "रातच्याला लय मागं लागतात बघा भैय्या, मग जोरात हाणतो," असं एका औशाच्या पोरानं सांगितलं, आणि जोरात हाणल्यावरच खड्ड्यात चाक जाऊन तो पडला होता, कोपर सोललेलं दाखवलं त्यानं. दुसरं म्हणजे समोरच्या गाडीचा अप्पर लाईट, डोळ्यावर पडला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. तिसरं ऊस. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रिंग रोडला, बार्शी रोडला ऊसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागं ना लाईट ना रेडियम, त्यांना ओलांडून जायचं म्हणजे सायकलवाल्याला रस्त्याच्या मधोमध यावं लागतं आणि मागून येणाऱ्याला तो दिसत नाही. हे ऐकून पोटात गोळा आला माझ्या, कारण पोरं हे फार सहज सांगतात.

मुलींनी वहिनीला जे सांगितलं ते जरा वेगळं होतं. त्यांना अंधाराइतकीच अंधारात थांबावं लागण्याची भीती आहे. चेन उतरली, पंक्चर झालं, ओढणी चाकात गेली की थांबावंच लागतं. म्हणून कित्येकजणी लांबच्या पण उजेडाच्या रस्त्यानं जातात, तिघी-चौघी मिळून निघतात. हे ऐकलं आणि चेनकव्हर अन् मागच्या चाकाला साडीगार्डची जाळी हे माझ्या यादीत लाईटच्याही वर गेलं. होलसेलवाल्याच्या सेफ्टीच्या पानावर या दोन्ही वस्तू नव्हत्याच.

मग एका मुलीची सायकल नीट बघितली. मानव विकासमधून शाळेत असताना मिळालेली, त्या योजनेत आठवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना शाळेला जायला सायकल मिळते, हिनं ती एसटीच्या टपावर टाकून लातूरला आणली. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर होता, अगदी शाबूत. पण ती दप्तर कॅरिअरला बांधते आणि दप्तराचा पट्टा, पाण्याची बाटली, स्वेटर सगळं खाली लोंबतं, रिफ्लेक्टर पूर्ण झाकला जातो. मोबाईलचा टॉर्च चालू करून डाव्या हातात धरते आणि त्याच हातानं हँडल, म्हणजे मागचा ब्रेक दाबायला दोनच बोटं उरतात. मी ब्रेक दाबून बघितला, रबर पार घासलेलं, पत्रा रिमला लागत होता. रबर तिथंच बदलून दिलं, पानं-पक्कड सोबतच होते.

त्यानंतर मी विचारायच्या आधी बघायला लागलो. पार्किंगमधल्या रांगेत टॉर्च मारला की कळायचं, किती सायकली चमकतात आणि किती गडप होतात. स्वस्तातले क्लिपचे लाईट ज्यांच्याकडं होते त्यातले बरेच बंद. कारण विचारलं तर एकच, चार्जिंग. रूमवर प्लग एक, त्याला दोघा-तिघांचे मोबाईल, तिथं लाईटचा नंबर कधी लागणार? सेलवाल्याचा सेल संपला की संपला, ते नाण्यासारखे २०३२ नंबरचे सेल घड्याळवाल्याकडं मिळतात हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. आणि जे लाईट चालू होते ते चोरीला गेले. सायकलवर ठेवायचा म्हणजे चोरीला जाणार, काढून न्यायचा म्हणजे रूमवर विसरणार. बाबांच्या काळात सूर्य मावळल्यावर बिगरदिव्याची सायकल पोलीस धरायचे, डायनामो टायरला घासत चालायचा, जड जायचं पण चार्जिंगची भानगड नव्हती, ते म्हणाले डायनामोच आण. पोरांच्या हलक्या सायकलीवर ते बसवणं मला पटलं नाही, पण त्यांचं म्हणणं डोक्यात राहिलं की वस्तू अशी पाहिजे जिची आठवण ठेवावी लागत नाही.

ती वस्तू निघाली रेडियमची पट्टी. नंबरप्लेट करणाऱ्याच्या दुकानातून घेतली, पण तिथंही नीट बघून, कारण रेडियम म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं नुसतं चकचकीत असतं. पट्टी भिंतीला लावायची, रात्री लांब उभं राहायचं आणि टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरून मारायचा, खरी पट्टी दिव्यासारखी पेटते, खोटी काळीच राहते. ही पट्टी मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला लावली, जिथं दप्तर पोचत नाही, आणि पायडलच्या कडांना. पायडल वरखाली होतं, त्यामुळं मागच्या ड्रायव्हरला लगेच कळतं की हा खांब नाही, माणूस पाय मारतोय. चोरायला काही नाही, चार्ज करायला काही नाही. पण रेडियम दुसऱ्याचा दिवा पडल्यावरच चमकतं, खड्डा ते दाखवत नाही, म्हणून समोर लाईट लागतोच, आणि तो दप्तराच्या पट्ट्याला किंवा हँडलला अडकणारा, मोबाईलच्याच सी-टाइप वायरवर चार्ज होणारा ठेवला.

हेल्मेटचं सांगतो. सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही, ती मोटारसायकलवाल्याला, आणि पोरांचं म्हणणं एकच, क्लासमध्ये ठेवायचं कुठं अन् एकट्यानंच घातलं तर सगळे बघतात. तरी माझं मत आहे की घालावं, डोकं एकच असतं. ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपातलं मानक) लिहिलेलं हेल्मेट आणून ठेवलंय, रिंग रोडनं लांबून येणाऱ्यांना आवर्जून सांगतो, मागं लागत नाही. कुत्र्यावर विकायला माझ्याकडं काही नाही, तिथं सांगतो की वेग वाढवू नका, उतरा, सायकल आपल्या अन् कुत्र्याच्या मधी धरा आणि हळू चाला.

आणखी एक गोष्ट या फिरण्यात कळली, वापरणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. जूनमध्ये वडील येतात, ते टायर दाबून बघतात, "टिकंल का?" विचारतात, रात्रीचा रस्ता त्यांनी पाहिलेला नसतो. पोराला रात्र कळते ती पावसाळ्यानंतर, आणि तेव्हा त्याच्या हातात महिन्याचे मोजके पैसे असतात, मेस, झेरॉक्स, रिचार्ज. म्हणून आता जूनमध्ये सायकल देतानाच रेडियम लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही, साडीगार्ड अन् चेनकव्हर वडिलांसमोर बसवून दाखवतो, आणि समोरचा लाईट मात्र दिवाळीनंतर पोरांना परवडेल अशा भावात ठेवतो. ज्या अभ्यासिकांनी पार्किंगमध्ये बसू दिलं तिथं महिन्यातून एका रविवारी ब्रेकचे रबर आणि हवा बघून देतो. ऊसाच्या ट्रॉल्यांचं माझ्या हातात नाही, पण ज्या ट्रॅक्टरवाल्यांची दुकानाशेजारच्या वर्कशॉपमध्ये ये-जा असते त्यांना मागच्या फळीला तीच पट्टी लावायला देतोय, काहींनी लावली, काहींना अजून सांगतोय.