आयर्नरचा वेग सगळ्यात शेवटी लावा

आयर्नर म्हणजे लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारं रोलचं मोठं मशिन. त्यातून चादर दमट बाहेर आली की ऑपरेटरचा हात आधी वेगाच्या बटणाकडे जातो. वेग उतरवला की चादर सुकते, त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि उत्पादन मात्र घटतं. सेटिंग करताना क्रम उलटा ठेवावा: आधी कापड, मग उष्णता, मग पॅडिंग (रोलवर गुंडाळलेला फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या जाड कापडाचा थर) आणि शेवटी वेग. हे सगळं वाफेवर चालणाऱ्या, चेस्ट (रोल ज्यावर दाबून फिरतो तो गरम, वक्र धातूचा भाग) आणि पॅडिंगचा रोल असलेल्या आयर्नरबद्दल आहे.

कापडातला ओलावा वजन करूनच बघा. कोरड्या 10 किलो चादरी धुऊन हायड्रोतून (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशिनमधून) काढल्यावर 15 किलो भरल्या, तर ओलावा 50 टक्के. सुती चादरींना साधारण 45 ते 50 टक्के चालतो, पॉलिकॉटनला त्याहून कमी. टंबलरमध्ये (गरम हवेच्या ड्रायरमध्ये) फक्त गुंता सुटेपर्यंतच फिरवा. तिथेच सुकलेल्या चादरीच्या सुरकुत्या आयर्नर काढू शकत नाही. शेवटच्या पाण्यानंतर कापडाचा पीएच 5.5 ते 6.5 च्या आसपास हवा. अल्कली (धुण्याच्या पावडरीतला क्षार) उरली तर कापड उष्णतेने पिवळं पडतं, चेस्टला चिकटतं, आणि दोष विनाकारण मशिनवर येतो.

8 बार गेज दाबाच्या संपृक्त वाफेचं तापमान सुमारे 175 अंश सेल्सिअस असतं. पण बॉयलरचा गेज बघून चेस्टचं तापमान कळत नाही. चेस्टवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे स्पर्श-प्रोबने मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर सर्रास कमी आकडा दाखवतो. एक बाजू ठळक थंड लागली तर आधी स्टीम ट्रॅप (थंड झालेल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा: तो अडकला की पाणी साचतं आणि तेवढा भाग वाफेला पारखा होतो.

खरी मेख पॅडिंगमध्ये असते. दाबून दगड झालेलं फेल्ट ना कापड सारखं दाबतं, ना वाफ आत घेतं. प्रत्येक रोलचा घेर तीन ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवा. एकाच ड्राइव्हवर दोन-तीन रोल असतील तर मागचा रोल पुढच्यापेक्षा किंचित जाड हवा, म्हणजे त्याचा पृष्ठवेग थोडा जास्त राहून चादर ताणलेली राहते. मागचं पॅडिंग झिजलं की दोन रोलांच्या मधे कापड गोळा होतं आणि आडव्या सुरकुत्या तिथेच पडतात. फरक फार झाला तर शिवणी ओढल्या जातात. नेमका किती ठेवायचा ते मशिनच्या पुस्तिकेत बघा. रोलांना स्वतंत्र मोटर असेल तर हाच फरक इन्व्हर्टरवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) लावता येतो.

झीज सारखी व्हावी म्हणून पूर्ण रुंदी वापरा. उशीचे अभ्रे सतत मधोमध घातले तर मधलं फेल्ट बसतं आणि कडेचं, अंगावर ओलं कापड नसल्याने, भाजून कडक होतं. पुढे मोठी चादर मधेच दमट निघते. त्यासाठी वेग कमी करणं म्हणजे कडा करपवणं.

पॅडिंगमधली वाफ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमची जाळी धाग्यांनी तुंबली असेल तर वाफ पॅडिंगमध्येच राहते; पाच मिनिटांचं काम आहे, रोज करा. चेस्टवरून चादर सहज सरकावी म्हणून मेणाचं कापड दर दोन-तीन तासांनी, वेग कमी करून, पूर्ण रुंदीभर फिरवा आणि लगेच मागून साफसफाईचं कापड सोडा. मेण जास्त झालं तर फेल्टची छिद्रं बुजतात.

आता वेग. चादर एकाच फेरीत जेमतेम सुकून निघेल इथपर्यंत हळूहळू वाढवत न्या. शिवणीची जाड घडी दमट लागली तर एक पायरी खाली या. बाहेर येणारं कापड कडकडीत होऊन हाताला चिकटू लागलं, स्थिर विजेची ठिणगी लागली, तर ते जास्त सुकतंय, वेग वाढवा. चादर आणि टेबलक्लॉथ यांचे वेग वेगळे असतील, ते मशिनशेजारी लिहून लावा.

थोड्या वेळासाठी थांबायचं असलं तरी रोल चेस्टवरून उचला, थांबलेलं पॅडिंग गरम चेस्टवर करपतं. पाळी संपताना वाफ बंद करून चेस्ट निवेपर्यंत रोल फिरता ठेवा. आणि पाळी सुरू करण्यापूर्वी बोटांचा गार्ड (बोटं आत ओढली जाऊ नयेत म्हणून पुढे असलेली पट्टी) दाबून मशिन जागच्या जागी थांबतं का ते बघा. थांबलं नाही तर दुरुस्ती होईपर्यंत एकही चादर आत घालायची नाही.