कॅमेरा कुठला घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे, नाहीतर ते पेटीवरच्या बोटांचे माझे व्हिडिओ बघून पोरांचे फोन येतात. इथे बेळगावात शहापूर, वडगाव, येळ्ळूर, कधी पार निपाणीहून. "दादा, कार्यक्रमांचं शूटिंग सुरू करूलालोय, कॅमेरा कुठला घेऊ?" मी म्हणतो, आधी हेडफोन घे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "ते घेतो हो, पण कॅमेरा?"

एकाने तर सुनावलंच, "तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला बोलायला काय जातंय." खरं आहे, माझ्याकडे दोन आहेत. मी काही लपवत नाही. पण फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझा पहिला कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला. त्यावर ५० एमएमची, १.८ची लेन्स, म्हणजे कमी उजेडात चालणारी आणि मागचं धूसर करणारी. ट्रायपॉड एका फोटो स्टुडिओतून मागून आणलेला, त्याचा एक पाय दोरीने बांधलेला. आवाजासाठी काय, तर तीनशे रुपयांची एक केबल. त्यावेळी मला कुणी विचारलं असतं, तर मी लेन्सवर तासभर बोललो असतो आणि केबलबद्दल एक अक्षर नाही.

त्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत संगीत नाटक होतं. पेटीवर माझ्या मित्राचे वडील. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, सगळा गाव त्यांना गुरुजीच म्हणतो. संधिवाताने बोटं आखडत चालली होती, त्यामुळे हे आपलं शेवटचं नाटक, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं. मित्र एवढंच म्हणाला, "अण्णांची पेटी नीट घे. बाकी काय नाही आलं तरी चालेल."

साउंडवाला बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. माझी कन्नड बाजारापुरती, पण कामाला पुरते. सगळे माइक जिथे एकत्र येतात त्या त्याच्या मिक्सरमधून माझी केबल घेतली, कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खुपसली आणि विचारलं, "एल्ला बरतैतेन्री?" सगळं येतंय ना? तो म्हणाला, "एल्ला बरतैतरी, सर." स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. झालं की. हेडफोन माझ्याकडे नव्हतेच. इअरफोनही घरी राहिलेले, आणि राहिलेत हे मला रात्री घरी येईपर्यंत आठवलंही नाही.

मग रात्रभर मी गुरुजींच्या बोटांमागे होतो. उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नव्हतं, ते ताठच खाली यायचं आणि शेजारचं बोट त्याची चूक सावरून घ्यायचं. भात्यावर एका कोपऱ्याला कापडाचं ठिगळ, डिंकाने चिकटवलेलं. बोटांची पेरं कातीव, मागच्या पट्ट्या धुकट. १.८ची लेन्स काय असते, ते मला त्या रात्री कळलं. असं काही मी पुन्हा टिपलेलं नाही.

पहाटे तीनला घरी येऊन ऐकलं. नटाचं गाणं, तेही फाटलेलं. पेटी नाही. कुठेच नाही.

कारण सांगतो, तुमच्या उपयोगाचं आहे. पेटी रंगमंचाच्या पायथ्याशी होती, मंडपाला ती तशीच ऐकू जात होती, म्हणून साउंडवाल्याने तिला माइक दिलाच नव्हता. ज्याला माइक नाही, ते मिक्सरमध्ये नाही, आणि मिक्सरमध्ये नाही ते तुमच्या केबलमध्ये येणार कुठून? बरं, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकने तरी ती पकडली असती, पण बाहेरची पिन घातली की आतला माइक बंद होतो. मिक्सरचा लाइनचा आवाज माइकच्या मानाने कितीतरी जोरकस, तो थेट माइकच्या भोकात घातला, म्हणून नटही फाटला.

वर्षभर मी साउंडवाल्याच्या नावाने खडे फोडले. भाषेमुळे घोटाळा झाला, असंही सांगितलं. आपल्याकडे ते चटकन पटतं. पण त्याच्या मिक्सरमधलं सगळं येतच होतं, तो खरंच बोलला. पेटीला माइक आहे का, एवढं मी विचारायचं होतं. आणि पेटीला कन्नड नाटकवालेही पेटीच म्हणतात.

चार दिवसांनी मित्राच्या घरी टीव्हीवर लावलं. घरातली सगळी जमलेली. गुरुजी मांडीवर बोटं धरून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज वाढव की जरा." मित्राने रिमोट दाबला. नट अजून मोठ्याने फाटला. मित्र माझ्याकडे बघेना.

तर, हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानावर. मग स्वतःचा वेगळा रेकॉर्डर, एक्सएलआरची, म्हणजे साउंडवाल्यांच्या तीन पिनांच्या केबलची, दोन भोकं असलेला: मिक्सरची लाइन तिथे घ्या, रेकॉर्डरच्याच माइकने मंडपाचा आवाज घ्या, आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला गेली की आवाज फाटतो. कार्यक्रमाआधी माइक मोजा, माणसं मोजू नका. मग ट्रायपॉड. ४के, म्हणजे सगळ्यात बारीक चित्र, १०० एमबीपीएसच्या वेगाने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४चं कार्ड दीड तासही पुरत नाही. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, बॅटऱ्या त्या हिशेबाने घ्या. वळीव येतो, प्लास्टिकची पिशवी ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात. जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा, घेणार असाल तर बरेचसे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडतात. युरोपात तीस मिनिटांवर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेऱ्याचा कर बसायचा, तो चुकवायला घातलेली ती मर्यादा. कर तिकडचा, नाटकाचं एक अख्खं पद गेलं माझं.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? नसतं. हेडफोनसाठी कुणी हप्ते भरत नाही. लेन्सचा मोह नसता तर मी त्या गावाला गेलोच नसतो. शिवाय ती बोटं मिळाली ती लेन्समुळेच, हेही खोटं नाही. यावर माझं स्वतःशीच अजून भांडण चालू आहे.

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो बोटांचा तुकडा मी नेटवर टाकला, तेव्हा त्याखाली दुसऱ्याच कुणाची तरी पेटी लावली होती. लोकांना फार आवडला. लग्नाची पहिली ऑर्डर मला त्यावरच मिळाली. गुरुजींनी तो नातवाच्या मोबाइलवर बघितला म्हणे, आणि नातवाला सांगितलं, "मी काळी एकच्या पट्टीत वाजवत होतो. ही काळी चार आहे." मला ते काही बोलले नाहीत. भेटले की चहा घेऊन जा म्हणतात.

तो व्हिडिओ अजून मी काढून टाकलेला नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी तोच बघून फोन केलाय.